औषध थांबल्यानंतर वजन का वाढते, आणि ते कसे राखावे?

प्रतिनिधी

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता डॉक्टरांच्या दवाखान्यापुरती उरलेली नाही. लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत ती पोहोचली आहे. टिरझेपटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. सेमाग्लुटाइड हे दुसरे औषध 'वेगोवी' या नावाने त्याच वर्षी जूनमध्ये दाखल झाले. कोणाचे किती किलो उतरले, याच्या गोष्टी सर्वत्र ऐकू येतात. मात्र इंजेक्शन बंद केल्यानंतर त्या वजनाचे काय होते, हा प्रश्न तितक्या आवर्जून विचारला जात नाही.

हा प्रश्न बहुतेकांपुढे कधी ना कधी उभा राहतो. काहींना खर्च झेपत नाही. मौंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. आठवड्याला एक इंजेक्शन या हिशेबाने महिन्याचा खर्च १४ हजारांवर जात होता, आणि मात्रा वाढली की खर्चही वाढत होता. काहींना मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता यांचा त्रास होतो. काही स्त्रियांना गर्भधारणेच्या नियोजनासाठी औषध थांबवावे लागते. अनेक जण तर हवे तेवढे वजन उतरले, आता काम झाले, अशा समजुतीने ते बंद करतात. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांना वाट मोकळी होत असल्याने औषध सुरू करणाऱ्यांची आणि पुढे ते थांबवणाऱ्यांचीही संख्या वाढणार, हे उघड आहे.

भूक परत येते, ती कोठून?

आपण जेवतो तेव्हा आतड्यांतून 'जीएलपी-१' नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना देते, जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते आणि 'पोट भरले' असा निरोप मेंदूला पोहोचवते. शरीरातील नैसर्गिक जीएलपी-१ अवघ्या काही मिनिटांत नष्ट होते. सेमाग्लुटाइड हा त्याचाच घडवून आणलेला, दीर्घकाळ टिकणारा अवतार होय. टिरझेपटाइड याच्या जोडीला 'जीआयपी' या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. त्यामुळे थोडक्या जेवणाने तृप्ती होते, आणि दिवसभर डोक्यात घोळणारा खाण्याचा विचार शांत होतो. औषध घेणारे अनेक जण या शांततेचेच अधिक कौतुक करतात.

हा सर्व परिणाम औषध शरीरात असेपर्यंतचा आहे. सेमाग्लुटाइडची रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण पाच आठवडे त्याचा अंश शरीरात राहतो. औषध थांबवल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे त्यामुळेच फसवे ठरतात. भूक अजून आटोक्यात असते, काटा हललेला नसतो आणि आता औषधाची गरज उरली नाही, असा समज होतो. खरी भूक त्यानंतर येते, आणि ती पूर्वीपेक्षा अधिक जोमाने येते.

याचे कारण शरीराच्या जुन्या स्वभावात दडले आहे. चरबीच्या पेशींतून स्रवणारे 'लेप्टिन' हे संप्रेरक शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूला देते. त्याचा शोध १९९४ साली लागला. वजन उतरले की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहार नियंत्रित करून वजन उतरवलेल्या ५० व्यक्तींची तपासणी केली होती. वर्षभरानंतरही त्यांच्यातील भूक वाढवणाऱ्या 'घ्रेलिन' या संप्रेरकाची पातळी चढलेली आणि लेप्टिनची पातळी उतरलेली आढळली. वजन उतरवून वर्ष लोटले, तरी शरीराने नवे वजन मान्य केले नव्हते.

अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या ओढीचे मोजमाप मांडले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या एका औषधाचा त्यांनी त्यासाठी उपयोग केला. या रुग्णांच्या शरीरातून त्यांच्या नकळत रोज काही उष्मांक निघून जात होते. त्यामुळे वजन कमी करण्याचा निश्चय, पथ्य यांचा प्रभाव वगळून निव्वळ भुकेचा हिशेब करता आला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० उष्मांकांनी वाढते, तर शरीराचा ऊर्जाखर्च रोज २० ते ३० उष्मांकांनीच घटतो, असे त्यातून दिसून आले. म्हणजे दहा किलो वजन उतरवणाऱ्याला आपल्या भुकेशी रोज किती मोठा सामना करावा लागत असेल, याची कल्पना येते. औषध हा सामना परस्पर लढत असते. ते थांबले की तो पूर्ण भार त्या व्यक्तीवर येऊन पडतो. वजन वाढू लागलेल्या माणसाला 'तुझा जिभेवर ताबा नाही' असे म्हणणे सोपे असले, तरी ते शास्त्राला धरून नाही.

चाचण्यांतील आकडे

'स्टेप-१' या चाचणीत १,९६१ जणांचा समावेश होता. ६८ आठवडे सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी उतरले. त्यांतील ३२७ जणांवर औषध थांबवल्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. सेमाग्लुटाइड घेतलेल्यांनी उतरवलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन त्या एका वर्षात परत आले. रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांत झालेली सुधारणाही बव्हंशी मागे फिरली.

टिरझेपटाइडची 'सरमाउंट-४' ही चाचणी याहून बोलकी आहे. त्यात ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरवल्यानंतर ६७० जणांचे दोन गट करण्यात आले. औषध पुढे चालू ठेवणाऱ्यांचे वजन आणखी ५.५ टक्क्यांनी उतरले. नकळत औषधविरहित इंजेक्शन मिळालेल्यांचे ५२ आठवड्यांत १४ टक्क्यांनी वाढले.

जानेवारी २०२६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार वजनाची औषधे थांबवल्यानंतर दरमहा सरासरी ०.४ किलो वजन परत येते. हाच वेग कायम राहिल्यास दोन वर्षांच्या आत माणूस मूळ वजनावर पोहोचतो. केवळ आहार व व्यायामाने वजन उतरवलेल्यांच्या तुलनेत हा वेग जास्त असल्याचेही त्यात नमूद आहे.

मात्र सरासरीआड एक दिलासादायक गोष्ट लपलेली असते. 'सरमाउंट-४'मध्ये औषध बंद झालेल्यांपैकी १६.६ टक्के व्यक्तींनी उतरवलेल्या वजनाचा किमान ८० टक्के भाग वर्षभरानंतरही टिकवून ठेवला होता. प्रमाण थोडे आहे. पण वजन टिकवणे अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

परतणारे वजन पूर्वीसारखे नसते

वजन उतरते तेव्हा केवळ चरबी जात नाही. 'स्टेप-१' चाचणीतील काही जणांची क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीररचना तपासली असता, उतरलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीविरहित भागाचा असल्याचे आढळले. या भागात स्नायूंचा समावेश मोठा असतो. परत येणाऱ्या वजनात मात्र चरबीच अधिक भरते. स्नायूंना व्यायामाचा ताण आणि पुरेशी प्रथिने मिळाल्याखेरीज ते आपोआप परतत नाहीत. त्यामुळे दहा किलो उतरवून पुन्हा दहा किलो वाढलेला माणूस काट्यावर पूर्वीइतकाच भरला, तरी त्याच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक अशी स्थिती असू शकते. औषध दोन-तीनदा सुरू करून दोन-तीनदा सोडणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका वाढत जातो. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

भारतीयांच्या बाबतीत ही चिंता अधिक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, नेमका २२.३ होता. तरीही डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे या एका छायाचित्राने सांगितले. याच कारणास्तव भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेल्यास अधिक वजन आणि २५ च्या पुढे गेल्यास स्थूलता, असे निकष मानले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाभोवती घातक प्रमाणात चरबी आढळली होती. मुळातच स्नायूंची शिल्लक तुटपुंजी असलेल्या शरीरातून आणखी स्नायू गमावणे परवडणारे नाही.

तयारी औषध सुरू असतानाच

औषध थांबल्यावर व्यायामाला लागू, आहाराचे मग पाहू, असे म्हणणाऱ्यांचा घाट चुकतो. भूक शांत असते, तो काळ सवयी बसवण्यास सर्वांत अनुकूल असतो. भूक खवळल्यानंतर नवी सवय लावणे फार अवघड जाते. औषधाचे महिने ही एका अर्थाने मिळालेली सवलत आहे, ती वाया दवडू नये.

डेन्मार्कमध्ये झालेला एक प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९५ स्थूल व्यक्तींना आठ आठवडे रोज सुमारे ८०० उष्मांकांचा आहार देण्यात आला. त्यांचे वजन सरासरी १३.१ किलोंनी उतरले. त्यानंतर वर्षभर एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला लिराग्लुटाइड हे जीएलपी-१ वर्गातील औषध, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला औषधविरहित इंजेक्शन देण्यात आले. वर्षअखेरीस सर्व उपचार थांबवण्यात आले आणि पुढील वर्षानंतर पुन्हा तपासणी झाली. केवळ औषध घेतलेल्यांचे वजन केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत त्या वर्षात सहा किलोंनी अधिक वाढले होते. व्यायाम आणि औषध दोन्ही घेतलेल्या गटात, मूळ वजनाच्या किमान दहा टक्के घट टिकवणाऱ्यांचे प्रमाण केवळ औषध घेतलेल्यांपेक्षा जास्त होते. औषध थांबले तरी व्यायामाची सवय आणि त्यातून कमावलेले स्नायू मागे उरतात, असा या निष्कर्षांचा अर्थ लावता येतो.

चालण्याला जोर-बैठकांची जोड

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवला आहे. उतरलेले वजन टिकवायचे असेल, तर यातील वरच्या मर्यादेकडे झुकावे लागते. रोज ४५ मिनिटे भरभर चालल्यास आठवड्याचा आकडा ३१५ मिनिटांवर जातो. शहरातील नोकरदारांना ही वेळ सलग काढणे कठीण असले, तरी सकाळी वीस आणि संध्याकाळी पंचवीस मिनिटे अशी विभागणी करता येते.

परंतु केवळ चालण्याने गेलेले स्नायू भरून निघत नाहीत. त्यासाठी वजन उचलणे किंवा शरीराचाच भार वापरणे आवश्यक ठरते. महागड्या व्यायामशाळेचे सदस्यत्व त्यासाठी अनिवार्य नाही. महाराष्ट्रातील तालमींनी जपलेल्या जोर-बैठका हा याच जातीचा व्यायाम आहे. नवशिक्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे येथून सुरुवात करावी. पेलतील तसे भार आणि फेऱ्या वाढवाव्यात. गुडघेदुखी, पाठीचे विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ताटात काय असावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या निकषांनुसार निरोगी प्रौढाला प्रतिकिलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा आकडा ५८ ग्रॅमच्या घरात जातो. वजन उतरवताना आणि त्यानंतर स्नायू टिकवण्यासाठी आहारतज्ज्ञ याहून अधिक, प्रतिकिलो एक ते सव्वा ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिने सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

मराठी घरातील नेहमीचे जेवण येथेच कमी पडते. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वरण-भात या ताटात पोट भरते, प्रथिने मात्र पंधरा ग्रॅमच्या आसपासच राहतात. वाटीभर शिजलेल्या वरणातून सहा-सात ग्रॅम, दोन अंड्यांतून बारा-तेरा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे अठरा ग्रॅम आणि तितक्याच बांगड्यातून जवळपास वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ, भाजीच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, भाताचे प्रमाण निम्मे आणि जेवणासोबत दही किंवा ताक, एवढ्या बदलानेही फरक पडतो. जेवणाची सुरुवात कोशिंबीर, उसळ किंवा डाळीने केल्यास पोळी-भाताकडे हात जाईपर्यंत भुकेचा पहिला जोर ओसरलेला असतो.

वजन परत वाढते ते बहुधा मुख्य जेवणातून नव्हे, तर मधल्या खाण्यातून. औषध सुरू असताना चार वाजताच्या चहासोबतची बिस्किटे, कार्यालयातील फरसाण, रात्री उशिरा दूरचित्रवाणीसमोरचे चरणे हे सारे आपोआप सुटलेले असते. औषध थांबल्यावर हेच सर्वांत आधी परत येते. उपवासाचा दिवसही येथे दगा देतो. साबुदाण्यात जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ असतात. तूप-शेंगदाण्यांसह खिचडीचे उष्मांक नेहमीच्या जेवणाहून कमी नसतात. दिवाळी आणि लग्नसराई टाळता येत नाही, टाळूही नये. मात्र फराळाचे डबे महिनाभर हाताशी ठेवण्याची प्रथा टाळता येते.

काटा आणि टेप

अमेरिकेत १९९४ पासून 'राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवही' ठेवली जात आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तीत आहे. त्यातील सुमारे ९० टक्के व्यक्ती रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, ७८ टक्के रोज न्याहारी करतात आणि ७५ टक्के आठवड्यातून किमान एकदा वजन पाहतात. या सवयींमुळेच वजन टिकले, असे अशा नोंदींतून सिद्ध होत नाही. तरी यशस्वी लोकांच्या दिनक्रमात काय समान आहे, हे त्यातून कळते.

औषध थांबवल्यावर आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचानंतर वजन पाहून वहीत लिहावे. एखाद्या दिवसाच्या चढ-उतारावरून घाबरू नये. मीठ, पाणी, मासिक पाळी यांमुळे किलोभर फरक सहज पडतो. सलग तीन-चार आठवडे आकडा वर सरकत राहिला, तर ती सूचना समजावी. जोडीला महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. वजन तेच राहून कंबर वाढत असेल, तर स्नायू घटून चरबी वाढत असल्याची शंका घ्यावी.

निर्णय डॉक्टरांसोबतच

औषध कधी, कसे थांबवायचे, हा निर्णय एकट्याने घेण्याचा नाही. मधुमेहासाठी हेच औषध घेणाऱ्याने ते अचानक सोडल्यास रक्तातील साखर वाढते आणि अन्य गोळ्या किंवा इन्सुलिनची मात्रा नव्याने ठरवावी लागते. हृदयविकार असलेल्या स्थूल रुग्णांना सेमाग्लुटाइडचा लाभ होत असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले आहे. अशांनी वजन उतरले म्हणून औषध सोडणे शहाणपणाचे नाही. गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. उरलेल्या रुग्णांसाठी मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करायची की कमी मात्रेवर दीर्घकाळ राहायचे, हे डॉक्टर प्रकृती पाहून ठरवतात. औषध सुरू करण्यापूर्वीच 'हे किती काळ घ्यावे लागेल आणि थांबवायचे झाल्यास योजना काय?' असा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांविषयी पहिली मार्गदर्शक सूचना जारी केली. तीत स्थूलता हा दीर्घकालीन आजार मानून दीर्घ उपचारांचा, आणि त्यासोबत आहार-व्यायामाच्या काटेकोर साहाय्याचा पुरस्कार केला आहे. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर कोणी रुग्णाला दोष देत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र रुग्ण स्वतःलाच दोष देतो, लाजेने डॉक्टरांकडे जाणे टाळतो आणि दहा किलो वाढल्यावर उगवतो. तेव्हा करावे लागणारे उपाय दोन-तीन किलो वाढलेले असताना करावयाच्या उपायांपेक्षा कितीतरी कष्टाचे असतात. म्हणून औषध थांबवतानाच पुढील तीन, सहा आणि बारा महिन्यांनंतरच्या तपासणीच्या तारखा ठरवून घ्याव्यात. सर्व प्रयत्न करूनही वजन चढत राहिले आणि डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला, तर त्यात पराभव मानण्याचे कारण नाही.